पीस हाय, पीस!

सेलूत मले अजून 'पायलट' म्हणतेत. हे ऐकून उगाच आभाळाकडे पाहू नका. मी जल्मात विमान उडवलं नाई. विमानाच्या आत गेलो हे खरं हाय, पण हातात झाडू घेऊन. माह्यं नाव रूपराव. माय तानाबाई. बाप मी लहान असतानीच गेलता. शिक्षण सातवी पास, तेबी दुसऱ्या खेपेले, कारण पहिल्या खेपेले मास्तरनं गणिताच्या पेपरावर एवढा मोठा भोपळा काढला की त्याची भाजी वस्तीभर पुरली असती. मास्तर बिचारा चांगला होता, माह्यंच डोकं तिकडे चालत नव्हतं.

मंग मी पायलट कसा झालो? थोडं नशिबानं, अन् बाकीचं माह्या तोंडानं.

सत्तावन्न साली नागपूरले सोनेगावच्या हवाई अड्ड्यावर मले हेल्परचं काम भेटलं. हप्ताभर तिकडे एका खोलीत राहो, अन् सुट्टीले पॅसेंजरनं सेलू रोडले उतरून सायकलनं घरी येवो. काम म्हणजे काय, त विमान आलं की चाकाखाली लाकडाचे गुटके लावाचे, शिडी ढकलाची, बॅटरीची गाडी ओढाची, अन् इंजिन चालू करतानी आग विझवाची लाल टाकी घेऊन समोर उभं राह्याचं. आग लागली त विझवाची. माह्या नोकरीत आग एकदाबी लागली नाई, म्हून मी भल्ला शूर होतो.

आता या समोर उभ्या राह्यलेल्या माणसाले अजून एक काम राह्यते. तो बोट वर करते. एक बोट म्हणजे एक नंबरचं इंजिन, दोन म्हणजे दोन. मंग हात हवेत गोल फिरवते, अन् मंगच आत बसलेला खरा पायलट इंजिन चालू करते. गावात येऊन मी काय सांगो? 'मी बोट वर केल्याबिगर विमान चालू होत नाई.' सांगा बरं, यात खोटं काय हाय? पण ऐकणाऱ्याच्या कानात ते असं गेलं की रूपराव विमान चालू करते. तिथून शेजारच्या कानात गेलं की रूपराव विमान चालवते. अन् बाजाराच्या दिवशी ते फिरून माह्या कानात आलं, तवा मी दिल्लीले जाऊन आलतो. मी नाई म्हटलं नाई. कोणी आपल्याले फुकटात दिल्लीले पाठवून राह्यलं त काऊन अडवाचं?

माह्या बायकोले, कमलाले, सारं ठाऊक होतं. ती चारचौघांत काही बोले नाई, घरात मातर सोडे नाई. म्हणे, "दिल्लीहून येता येता सिंदीले उतरून वांगे आणत जा. आपल्या गावचे किडके हायेत."

त्याच सुमारास वायकाउंट नावाचं नवं विमान येऊ लागलं. आधीचं डाकोटा चालू होतानी खोके, धूर सोडे, अंग झटके. हे नवं नुसती शिट्टी मारे. समोर पंखा होताच, पण आत भट्टी होती, अन् भट्टी जळे रॉकेलवर. हे मी वस्तीत सांगतलं तवा माह्या बापाचा चुलतभाऊ कवडूकाका म्हणे, "रॉकेलवर त आपली चिमणीबी जळते. ते काऊन उडत नाई?" मी म्हटलं, काका, ते लय खोल हाय. म्हणजे मले ठाऊक नव्हतं.

पण या वायकाउंटची एक गोष्ट मले पक्की समजली, अन् पुढं तिनंच माह्यी इज्जत घेतली, म्हून ते नीट सांगतो. त्याच्या पंख्याची पाती जागच्या जागी वळवता येत. उडता उडता एखादं इंजिन मेलं त पायलट त्या पात्याईची धार वाऱ्याकडे करते. वारा बाजूनं निघून जाते, अन् मेलेलं इंजिन विमानाले मांगं ओढत नाई. याले इंग्रजीत 'फेदर' म्हणतेत. आभाळात ते चांगलं. पण जमिनीवर इंजिन चालू कराचं, अन् पाती तशीच फेदर राह्यली, त घात. घरचं सूप घेऊन पाहा. धारेनं हवेत फिरवलं त हलकं जाते, पसरट बाजूनं फिरवलं त खांदा भरून येते. फेदर झालेल्या पात्याईले गोल फिरतानी सारी हवा पसरट बाजूनं लोटा लागते. नुकतं जागं होणारं इंजिन एवढं ओझं कुठून उचलन? ते वेग घेत नाई, आत रॉकेल जळतच राह्यते, अन् भट्टी आतल्या आत करपते. म्हून समोरच्या माणसानं बोट वर कराच्या आधी पात्याकडे पाहाचं. समोरून पात्याची रुंदी दिसली त बोट वर. नुसती धार दिसली त बोट खाली अन् बोंब मार.

हे मले मागून समजलं. वायकाउंट आलं त्या पहिल्या दिवशी इंजिनिअर साहेबानं लांबून विचारलं, "हेल्पर, फेदर?" मी माह्यावरच्या बबनरावले विचारलं, फेदर म्हणजे काय हो? बबनराव मॅट्रिक होता. म्हणे, "पीस. पाखराचं पीस." मले वाटलं साहेबाचं पीस हरवलं असन. बाप्पा, सारं मैदान धुंडाळलं! शेवटी कुंपणापाशी घारीचं एक झकास पीस सापडलं. ते शर्टाले पुसलं अन् नेऊन साहेबाच्या हातात देल्लं. साहेब पिसाकडे पाहे, माह्याकडे पाहे, अन् पुन्हा पिसाकडे पाहे. त्या दिवसापासून आमा हेल्पराईत फेदर हा शब्दच मेला. "तीन नंबर पीस हाय का?" "नाई, पीस नाई." असंच सारे बोलू लागले.

अन् एकदा त मी लयच नाव काढलं. वायकाउंट भरलेलं, शिडी काढलेली, पायलट आत बसलेला. ऊन असं की डांबर पायाले चिकटे. म्हून मी समोर न राह्यता बाजूले सावलीत जाऊन उभा राह्यलो. तिथून पाह्यलं त पात्याची नुसती धार! "पीस हाय! पीस!" अशी बोंब ठोकली की साहेब जेवणाचा डबा टाकून पळत आले. सारं थांबलं. साहेबानं मले बखोट धरून समोर नेलं. समोरून पात्याची चांगली हातभर रुंदी दिसून राह्यली होती. बाजूनं पाह्यलं की उलटं दिसते, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाई. साहेब म्हणे, "पहले सामने आओ, फिर मुंह खोलो." त्या दिवशी वस्तीत येऊन मी काय सांगतलं असन? की आज मी विमान थांबवलं.

आता गिरणीचं सांगतो. इथं हसण्यासारखं थोडं कमी हाय.

गावात गिरणी एकच, प्रभाकररावची. छप्पनच्या आधी आमच्या वस्तीच्या बायका तिथंच जात. टोपलं घेऊन लवकर गेल्या काय अन् उशिरा गेल्या काय, उभं राह्याचं शेवटीच. मागून गावातली कोणी आली त ती पुढं जाये. तिच्या मागून आली तीबी पुढं. सारं गाव दळून गेलं की मंग आमचं, अन् आमचं झालं की आमच्याच टोपल्यातली मूठभर जवारी पाटात, म्हणजे दळाच्या दगडाईत, टाकून पाट 'धुवून' घेत, अन् ते पीठ फेकून देत. आमच्या जवारीनं आमचाच विटाळ धुवाचा! मले आताबी ते आठवलं की डोस्कं भणकते. मायनं मातर उभा जल्म ते पाह्यलं, अन् तोंडातून ब्र काढला नाई.

छप्पन साली आमी नागपूरले जाऊन बौद्ध झालो. परत आल्यावर वस्तीच्या बायकाईनंच ठरवलं की आता त्या दारात जाणं नाई. मंग काय, पुन्हा घरोघरी जातं. बोलाले सोपं हाय, ओढाले नाई. मायचा उजवा खांदा कामातून गेलता, हात डोक्यावर जाये नाई, तरी पहाटे उठून दळे. मी म्हणो, माय, नोको करू, मी करतो. अन् मी दळाले बसलो की पिठापेक्षा भरडच जास्त निघे. असे दोनेक वर्षं गेले. बायका थकल्या. एकदोघी लपूनछपून पुन्हा प्रभाकररावकडे जाऊ लागल्या, अन् त्याईले कोणत्या तोंडानं बोलाचं?

म्हून कवडूकाकानं मनावर घेतलं, की वस्तीची आपली गिरणी काढाची. वर्ध्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनातून जुनं तेलाचं इंजिन आणलं, पाट नवे आणले, टिनाचं छप्पर उभं केलं. चालली त वस्ती सुटली. नाई चालली त साऱ्या बायका टोपलं घेऊन पुन्हा तिकडेच, अन् या खेपेले मान खाली घालून. हे सगळ्याईले समजत होतं. इंजिनासंगं ओमप्रकाश नावाचा मिस्त्री आलता, जबलपूरकडचा, साधा माणूस, बिडी पेटवे अन् कामाले लागे. मराठी त्याले येत नव्हती. मले हिंदी येते, असं माह्यं मत होतं.

अन् वस्तीत इंजिनाचा जाणकार कोण? काका म्हणे, "आपला पायलट असतानी फिकीर कायची?" तवा मी म्हणाले पाह्यजे होतं की काका, मी गुटके लावतो. पण तिथं चार लोक बसले होते, अन् चार लोक बसले की माह्या तोंडात दुसराच कोणी बोलाले लागते. मी म्हटलं, "काका, चार इंजिनाचं सांभाळतो, हे त एकच हाय."

गिरणीचं तसं सोपं हाय. दोन पाट, अन् बाजूले एक चाक. चाक सैल केलं की पाट लांब होतेत, आवळलं की भिडतेत. इंजिन चालू करतानी पाट लांब ठेवाचे. इंजिननं वेग घेतला की हळूहळू चाक आवळाचं, मंग वरून दाणे सोडाचे. हे ओमप्रकाशनं मले सांगतलं, अन् माह्या डोक्यात वायकाउंटची शिट्टीच वाजली. अरे, हे त तेच! चालू होणाऱ्या इंजिनावर ओझं नोको! मी म्हटलं, "मतलब, पाट भिडा हुआ रहा तो वो पीस हुआ!"

ओमप्रकाश म्हणे, "हां जी, भिड़ेगा तभी तो पीसेगा."

मले वाटलं, गडी हुशार हाय, एका दमात समजला. मंग मी त्याले हवाई अड्ड्याची शिस्त लावली. "देखो, मैं सामने खड़ा रहूंगा. मैं पीस बोला के फौरन हाथ चलाने का. पूछने का नहीं."

"आप पीस बोलिए," ओमप्रकाश म्हणे, "हम पीस देंगे."

मी खूश. त्या दिवशी कमलाले म्हटलंबी, की शिकवणारा चांगला असला की शिकणारा चुकत नाई.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सारी वस्ती जमली. बुद्धवंदना झाली. बाबासाहेबाच्या फोटोले हार घातला. बायका आपापली टोपली घेऊन आलत्या, माय पण जवारीचं टोपलं घेऊन एका कोपऱ्यात बसली होती. गावातलेबी बरेच आलते, अन् त्यात स्वतः प्रभाकरराव. आपल्या गिरणीले कुलूप लावून, छत्री घेऊन, सावली पाहून उभा. चालली नाई त हसाचं, चालली त नाव ठेवाचं, अशी दोन्हीकडची तयारी करून आलता.

मी कंपनीची निळी डांगरी घातली होती, डोक्यावर टोपी, अन् हातात वाळूनं भरलेली बादली. कमला म्हणे, "हे बादली काऊन?" म्हटलं, आग लागली त. "अन् लोकाईनं मारलं त?" ती म्हणे. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अशा वेळी माणसाचं लक्ष कामावर पाह्यजे.

पण लक्ष कामावर होतं कुठं? समोरच्या माणसानं आधी पात्याकडे पाहाचं, हे मी नोकरीत रोज घोकत होतो. इथं पाती नव्हती, पाट होते, त पाटाकडे पाहाचं. मी पाह्यलं लोकाईकडे. कोणकोण आलं, प्रभाकरराव मले पाहून राह्यला का नाई, टोपी सरळ हाय का नाई. तिकडे कवडूकाकानं काय केलतं, त सकाळी पाट पुसले, अन् कोणी खटपट्या येऊन हात लावन म्हून चाक गच्च आवळून ठेवलं. आपल्या घरच्या दाराची कडी लावावी तसं. अन् कोणाले सांगतलंच नाई.

मी बोट वर केलं. हात हवेत गोल फिरवला. चौघं जवान गडी इंजिनच्या हँडलले भिडले. ठक... ठक... इंजिन कण्हे, काळा धूर सोडे, पण वेग घेईना. पट्टा करकर वाजे. मंग माह्यी नजर पाटाकडे गेली. भिडलेले! गच्च! बाप्पा, माह्या डोळ्यापुढं भट्टी करपलेलं वायकाउंटच उभं राह्यलं. अन् या खेपेले त मी समोरच होतो, बाजूले नव्हतो. बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पीस हाय! पीस! पीस!"

ओमप्रकाशचा चेहरा उजळला. "अभी लो साहब!" म्हणे, अन् त्यानं दाणे अडवणारी वरची पट्टी ओढून टोपलंभर जवारी पाटात सोडली.

"अबे, पीस! पीस!" मी बोंबललो.

"पीस रहा हूं, पीस रहा हूं!" तो म्हणे, अन् चाक अजून आवळू लागला. मी जितका जोरानं ओरडो, तो तितका जोरानं आवळे. एवढा आज्ञाधारक माणूस मी पुन्हा पाह्यला नाई. इंजिननं एक मोठी उचकी देल्ली अन् जागच्या जागी मेलं. पट्टा सुटला, सपकन आला, माह्यी टोपी घेऊन गेला. मी मांगं सरकलो त पाय बादलीत, अन् मी वाळूत.

गाव असं हसलं, असं हसलं की झाडावरचे कावळे उठले. प्रभाकररावनं छत्री मिटली अन् म्हणे, "विमान पडलं रे, पायलटचं विमान पडलं!" मंग आमच्या बायकाईकडे वळून, हसत हसतच, आवाज न चढवता म्हणे, "संध्याकाळी मी गिरणी उघडतो. या बायाहो. नंबर तुमाले ठाऊकच हाय."

आमच्या लोकाईचं हसू तिथंच विरलं. एका बाईनं टोपलं उचललं. मंग दुसरीनं. मी वाळूत बसलेला, धरणी पोटात घेईन त बरं असं होऊन गेलतं. मायकडे पाहाची माह्यी हिंमत झाली नाई. स्वतःचा राग आला की मी दुसऱ्यावर काढतो, ही माह्यी जुनी खोड. उठलो अन् ओमप्रकाशवर धावून गेलो.

"अबे, पीस बोला तो रुकने का ना!"

"काहे रुकें?" तोबी तापला. "आपने कहा पीस, हमने पीसा! तीन बार कहा, तीन बार पीसा!"

"पीस मतलब वो पीस नहीं! पीस मतलब पंख! पाखरू का पंख!"

ओमप्रकाशनं माह्याकडे पाह्यलं. मंग वाकून पाटात पाह्यलं. मंग पुन्हा माह्याकडे. "चक्की में पाखरू?" तो म्हणे.

तवा कमला पुढं आली. तिले सिनेमाचा नाद, तिची हिंदी माह्यापेक्षा सरस. कपाळाले हात लावून म्हणे, "अवं, हिंदीत पीस म्हणजे दळ! तुमी दळ दळ म्हणून बोंबलले, अन् तो बिचारा दळून राह्यला होता. तुमच्या विमानाचं पीस त्याले काय ठाऊक?" मंग तिनं ओमप्रकाशले हिंदीत सारं समजावून सांगतलं. तो मटकन खालीच बसला अन् पोट धरून हसाले लागला. त्याचं पाहून कवडूकाका हसला. "अन् चाक त म्याच आवळलं होतं बाप्पा," तो म्हणे, "चोर येईन म्हून!" मंग सारी वस्ती हसली. हे हसणं वेगळं होतं. माह्या छातीवरचा धोंडा त्यानं थोडा हलला.

पण हसून गिरणी चालत नाई. पाटात जवारी गच्च बसली होती. तवा माय उठली. पाटापाशी येऊन बसली, अन् ओमप्रकाशनं पाट उघडल्याबरोबर आतली अर्धीमुर्धी भरडलेली जवारी बोटानं उकरून सुपात घेऊ लागली. तिचं पाहून निघालेल्या बायका फिरल्या, टोपली खाली ठेवली अन् तिच्या बाजूले बसल्या. कोणी खराट्यानं झाडलं, कोणी लुगड्याच्या पदरानं पुसलं. ओमप्रकाशनं पट्टा चढवला, चाक सैल केलं, दोन वेळा हातानं पाट फिरवून पाह्यला. मीबी मदत केली. बिड्या आणून देल्ल्या.

प्रभाकरराव अजून तिथंच होता. मजा सोडून जाववत नव्हतं त्याले.

दुपार कलली तवा सारं तयार झालं. मी बादली उचलून समोर उभा राह्यलो. कमला माह्यापाशी आली अन् हळूच म्हणे, "तुमी बोट वर करा. तोंड नोका उघडू."

मी पाटाकडे पाह्यलं. चांगलं वाकून पाह्यलं. पाट लांब होते. लोकाईकडे पाह्यलं नाई. बोट वर केलं, हात फिरवला, अन् दातावर दात दाबून ठेवले. ठक... ठक... ठकठक... ठकठकठक! इंजिननं वेग घेतला, पट्टा सरसर धावू लागला, टिनाचं छप्पर थरथरे. ओमप्रकाशनं चाक हळूहळू आवळलं अन् माह्याकडे पाहून विचारलं, "अब पीस दूं?" मी नुसती मान हलवली. काय सांगू तुमाले, त्या पिठाची पहिली धार पडली तवा माह्या अंगावर काटा आला. चार इंजिनाच्या वायकाउंटनंबी कधी आणला नव्हता. खरं म्हणाल त मी काहीच केलं नव्हतं. बोट वर केलतं. पण तेवढंच करतो म्हून त मले पगार भेटते.

नव्या पाटाचं पहिलं पीठ खड्याचं राह्यते, ते ढोराईले ठेवलं. मंग काका ओरडला, "चला, रांग लावा! पहिलं टोपलं तानाबाईचं! पायलटच्या मायचं!"

सगळे म्हणे, हो, हो, तानाबाई पुढं या. अन् तानाबाई कुठं हाय? मी मान उंच करून पाह्यलं. माय रांगेच्या पार शेवटी जाऊन उभी राह्यली होती. टोपलं कमरेवर, पदर डोक्यावर, नजर खाली. कोणी सांगतलं नव्हतं तिले. वस्तीची गिरणी, वस्तीच्याच बायका, पुढं जा म्हणणारे आपले लोक, अन् माय पाय नेतीन तिथं गेली.

मी तिच्यापाशी गेलो. "माय, चाल ना पुढं. आपली गिरणी हाय."

"राहू दे रे बाप्पा," ती म्हणे. "मी इथंच बरी हाय. मले इथंच सुधरते."

मले रडू आलं, सरळ सांगतो. इंजिन चालू झालं होतं, पण माह्या मायले पुढं आणणारं हँडल काही मले सापडलं नाई. मी तिचं टोपलं धरून ओढू लागलो, अन् ती माह्या हातावर चापट मारू लागली. मायलेकाची अशी झोंबाझोंबी चालली असतानी गावाकडून एक बाई टोपलं घेऊन लगबगीनं आली. लीलाबाई. गावातल्या चांगल्या घरची, वावर-बैलवाली. तिच्या घरी पावणे आलते, अन् प्रभाकररावच्या गिरणीले सकाळपासून कुलूप. गिरणीवाला इथं छत्री घेऊन उभा, मंग दळण कुठं दळाचं? प्रभाकररावनं तिले पाह्यलं अन् त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. ती त्याच्याकडे न पाहता सरळ रांगेपाशी आली, माह्या मायजवळ थांबली, अन् जसं कोण्याबी रांगेत कोणीबी विचारते तसं तिनं विचारलं:

"काय वं तानी, शेवटी कोण हाय?"

मायचं तोंड उघडलं. मी समोरच होतो, मले दिसलं. तिच्या जिभेवर 'मी' आलंच होतं, उभ्या जल्माचं ठरलेलं उत्तर. ते तिथंच थांबलं. तिनं मांगं पाह्यलं, मांगं कोणीच नव्हतं. पुढं पाह्यलं, रांग होती. मंग लीलाबाईकडे पाह्यलं, चांगलं डोळ्याले डोळा देऊन.

"आता तुमी, बाई," माय म्हणे.

लीलाबाईनं एकवार रांग नजरेनं मोजली. मंग तिनं टोपलं खाली ठेवलं अन् मायच्या मांगं आली. मायनं पदर सावरला, माह्या हातातून आपलं टोपलं सोडवून घेतलं, अन् रांग एक पाऊल पुढं सरकली तवा तीबी सरकली.